प्राचार्य फैजी आणि पेरी अध्यासनाचा वारसा

मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा इतिहास सांगू लागले की नावे आपोआप ओठांवर येतात. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नानी पालखीवाला, सोली सोराबजी, फली नरिमन. १८५५ पासून चालत आलेल्या आणि आशियातील सर्वांत जुने विधी महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेला हा अभिमान शोभतोच. पण ही नावे इथे शिकून बाहेर पडलेल्यांची आहेत. ज्यांनी इथे राहून शिकवले, वर्ग सांभाळला, कचेरीतले कागद पाहिले आणि रात्री घरी जाऊन ग्रंथ लिहिले, त्या प्राचार्यांना संस्थेच्या इतिहासात बहुधा एखादा परिच्छेद मिळतो. त्यांच्यातही १९३८ ते १९४७ अशी नऊ वर्षे या महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले आसफ अली असगर फैजी हे नाव आजच्या विद्यार्थ्याने ऐकलेले असेलच असे नाही.

म्हणून या लेखात प्राचार्य फैजींची कारकीर्द थोडी सविस्तर मांडायची आहे. ती सुटी सांगता येत नाही. त्यांच्या आधी त्याच खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत होते. त्या दोघांकडे जे अध्यासन होते ते सर अर्स्किन पेरी यांच्या नावाचे होते. रूढी, धर्म आणि कायदा यांचे परस्परांशी नाते काय, हा पेरींच्या न्यायासनासमोर आलेला प्रश्न पुढे या दोन्ही प्राचार्यांच्या विचाराचा गाभा बनला. आपल्या महाविद्यालयाच्या इतिहासाचे हे सूत्र मला सर्वांत मोलाचे वाटते.

निरोपातून उभे राहिलेले अध्यासन

सर थॉमस अर्स्किन पेरी हे मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. हे कोर्ट म्हणजे १८६२ साली सुरू झालेल्या उच्च न्यायालयाचा पूर्वावतार. न्यायदानाबरोबरच पेरी मुंबईच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षही होते. सरकारी शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, या वादात त्यांचा कौल इंग्रजीकडे होता, आणि त्याच मंडळावर असलेल्या नाना शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू ठामपणे लावून धरली होती. मतभेद तीव्र होते, पण या शहरात शिक्षणाची सोय व्हावी याविषयी दोघांचीही तळमळ खरी होती.

१८५२ मध्ये पेरी मायदेशी परतायला निघाले. त्यांची आठवण राहावी म्हणून मुंबईकरांनी निधी गोळा केला. त्या पैशातून कायद्याचे अध्यासन उभारावे असे ठरले आणि १८५५ मध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले. आज आपण ज्याला महाविद्यालय म्हणतो त्याचा आरंभ असा एका निरोपाच्या वर्गणीतून झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर दोन वर्षांनी, १८५७ मध्ये झाली. म्हणजे विद्यापीठाच्या आधी आपले वर्ग भरत होते.

पेरींनी १८४७ मध्ये दिलेला एक निकाल इथे सांगितला पाहिजे. खोजा आणि मेमन या मुंबईतल्या मुस्लिम व्यापारी जमाती. वारशाच्या बाबतीत मात्र त्यांच्यात मुलींना हिस्सा न देण्याची जुनी चाल होती. एका खोजा व्यापाऱ्याच्या मुलींनी कोर्टात दाद मागितली. आम्ही मुसलमान आहोत, कुराणाने मुलीला वारशात वाटा दिला आहे, तो आम्हाला मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. पेरींनी पुरावा तपासला आणि जमातीची रूढी सिद्ध झाली असल्यामुळे तीच लागू होईल, धर्मग्रंथातले वचन नाही, असा निर्णय दिला. मुलींचा दावा फेटाळला गेला.

कायद्याच्या अभ्यासकांना हा निकाल परिचित आहे. पुढे कितीतरी दशके पश्चिम भारतातल्या वारसाच्या दाव्यांवर त्याची छाया राहिली. धर्म एक सांगतो, जमात दुसरेच करते, आणि कोर्टाला तिसरेच ठरवावे लागते. पेरींच्या नावाचे अध्यासन निर्माण झाले तेव्हा हा गुंता त्याच्याबरोबरच आला असे म्हणायला हरकत नाही.

वकिलांचे वर्ग

पहिल्या पिढ्यांच्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. ते १८६६ मध्ये एलएल. बी. झाले. बाळ गंगाधर टिळकांनी ही पदवी १८७९ मध्ये घेतली. दोघांनीही आपले कायद्याचे ज्ञान वकिलीच्या पलीकडे नेले. एकाने समाजसुधारणेच्या कामात ते वापरले, दुसऱ्याने राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःच्या बचावासाठी.

शिकवणारे बहुतेक उच्च न्यायालयात वकिली करणारे. कोर्टाचे काम सांभाळून वर्गावर यायचे, प्रकरणे शिकवायची आणि पुन्हा पक्षकारांकडे जायचे अशी त्यांची दिनचर्या असे. या पद्धतीचा एक मोठा लाभ झाला. कोर्टात आज काय चालले आहे ते विद्यार्थ्याला उद्या वर्गात कळत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तर बॅ. मोहम्मद करीम छागला आणि बॅ. भीमराव आंबेडकर हे दोघे तरुण वकील इथे शिकवत होते. छागला घटनात्मक कायदा शिकवत. स्वातंत्र्याच्या सुमारास तेच मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. एवढ्या तोलाची माणसे एका वेळी एकाच शिक्षक-खोलीत असावीत, हे कोणत्याही संस्थेचे भाग्यच.

पण त्याची दुसरी बाजूही होती. कोर्टातून धावतपळत येणाऱ्या शिक्षकाला संशोधनासाठी सवड कुठली? कायदा ही उपजीविकेची विद्या आहे तशी ती विचाराचीही विद्या आहे, हे विद्यार्थ्याला दाखवायचे तर अभ्यासात मुरलेला माणूस खुर्चीवर हवा. तो १९३५ मध्ये मिळाला.

प्राचार्य बाबासाहेब

डॉ. आंबेडकरांनी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची सूत्रे घेतली ती जून १९३५ मध्ये. त्याच्या काही दिवस आधी, २७ मे १९३५ रोजी, त्यांच्या पत्नी रमाबाई गेल्या होत्या. घरात दुःख, बाहेर चळवळीचा ताण, आणि अशा वेळी हे पद. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. फेब्रुवारी १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेत निवडून आले, आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक तिथे मांडले. हे सगळे महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर असताना.

इतक्या धामधुमीतही त्यांनी प्राचार्यपद नावापुरते ठेवले नाही. जानेवारी १९३६ मध्ये महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. प्राचार्याने आपल्याच संस्थेच्या नियतकालिकात शिक्षणपद्धतीची चिकित्सा करावी, तीही कोणताही आडपडदा न ठेवता, याचे मोल आजही कमी झालेले नाही.

त्यांच्या तासांची तयारी कशी असे ते आपण आज वाचू शकतो. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १२ व्या खंडात त्यांची कायद्याची टिपणे छापली आहेत. इंग्लंडची राज्यघटना, मुदतीचा कायदा, विश्वस्त कायदा, मालमत्ता हस्तांतरण, फौजदारी प्रक्रिया, पुरावा, विशिष्ट अनुतोष असे विषय त्यांत आहेत. आधी व्याख्या द्यायची, मग तिचे घटक सुटे करायचे, मग प्रत्येक घटकावर निकाल सांगायचे, अशी मांडणी. राज्यघटनेच्या मसुद्यात दिसणारा नेमकेपणा वर्गातल्या या टिपणांत आधीच दिसतो.

याच काळातली आणखी एक घटना या महाविद्यालयाच्या इतिहासात ठळकपणे नोंदली जायला हवी. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ पासून चालू होता. तळे आमच्या वहिवाटीचे आहे, अस्पृश्यांना तिथे पाणी न भरू देण्याची पूर्वापार चाल आहे, असे काही स्पृश्य मंडळींनी कोर्टात सांगितले होते. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाण्याच्या कोर्टाने १९३३ मध्ये तो निकाल कायम केला, आणि प्रकरण उच्च न्यायालयात आले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, असा तो निर्णय होता.

पेरींचा १८४७ चा निकाल आणि हा १९३७ चा निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. नव्वद वर्षांपूर्वी रूढी सिद्ध झाली म्हणून मुलींचा हक्क बुडाला. नव्वद वर्षांनंतर रूढी सिद्ध झाली नाही म्हणून एका समाजाला पाण्यापर्यंत जाता आले. दुसऱ्या दाव्यातला प्रतिवादी तेव्हा पेरींच्याच नावाच्या अध्यासनावर बसलेला होता.

१९३६ मध्येच बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे आपले न झालेले भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी केलेला एक भेद कायद्याच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावा. धर्म म्हणजे तत्त्वे, आणि आचारावर लादलेले विधिनिषेध म्हणजे नियम. ज्याला लोक धर्म म्हणतात ते पुष्कळदा धर्माचे नाव घेतलेले कायदेच असतात, आणि कायदा असेल तर तो बदलता आला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. मे १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले.

माथेरानहून केंब्रिजपर्यंत

त्यांच्यानंतर आले आसफ अली असगर फैजी. त्यांचा जन्म १० एप्रिल १८९९ चा, माथेरानचा. घराणे सुलेमानी बोहरा जमातीचे, मुंबईत शिकलेले आणि प्रतिष्ठित. काँग्रेसचे १८८७ चे अध्यक्ष न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतावळ्यातले. जंजिऱ्याच्या नाझली बेगम आणि लेखिका अतिया फैजी याही याच घराण्यातल्या. मुलींनी शिकावे, पडद्याबाहेर यावे, देशविदेश पाहावा, हे या घरात तेव्हाच रुजले होते.

फैजी मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकले आणि पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तिथे त्यांनी अरबी आणि फारसीचा अभ्यास केला, आणि लंडनच्या मिडल टेंपलमधून १९२५ मध्ये ते बॅरिस्टर झाले. परत आल्यावर मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सकाळी पक्षकार, दुपारी कोर्ट आणि रात्री अरबी हस्तलिखिते असे त्यांचे बारा वर्षांचे आयुष्य होते असे म्हणता येईल, कारण प्राचार्य होण्याआधीच त्यांचे संशोधन लोकांपुढे आले होते. मुसलमानी कायद्याच्या अभ्यासाची प्रस्तावना म्हणून लिहिलेले त्यांचे पुस्तक १९३१ चे. इस्माइली मृत्युपत्राच्या कायद्यावरचे १९३३ चे. त्याच वर्षी मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, आणि तिच्या कामात फैजींचा मोठा हात होता.

इस्माइली कायद्याची निवड करण्यामागे एक स्पष्ट कारण होते. भारतातल्या कोर्टांत शिया कायदा म्हटला की बारा इमामांना मानणाऱ्या पंथाचे ग्रंथ पुढे केले जात. बोहरा इस्माइली. त्यांचा प्रमाण ग्रंथ वेगळा. दहाव्या शतकात फातिमी खलिफांच्या पदरी असलेल्या काझी नुमान यांनी रचलेला 'दआइमुल इस्लाम' हा तो ग्रंथ. त्याची हस्तलिखिते जमातीतल्या घराघरांत जपली जात, पण बाहेरच्या अभ्यासकाच्या हाती ती क्वचितच लागत. कोर्टाला जो ग्रंथच ठाऊक नाही त्याच्या आधारे न्याय कसा मिळणार? वकिलीतून आलेला हा प्रश्न फैजींनी विद्वानाच्या चिकाटीने सोडवला. मृत्युपत्राचे प्रकरण त्यांनी आधी संपादित करून इंग्रजीत आणले. पुढे सबंध ग्रंथाची अरबी संहिता दोन खंडांत कैरोहून प्रसिद्ध केली, पहिला खंड १९५१ मध्ये आणि दुसरा १९६० मध्ये. पहिला खंड निघाला तेव्हा ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. ज्या शहरात काझी नुमान यांचा शेवट झाला त्याच शहरात, जवळजवळ हजार वर्षांनी, मुंबईच्या विधी महाविद्यालयाच्या माजी प्राचार्याने त्यांचा ग्रंथ छापून काढला.

नऊ वर्षांची खुर्ची

१९३८ मध्ये फैजी वकिली सोडून प्राचार्य आणि पेरी अध्यासनाचे प्राध्यापक झाले. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात झाली तेव्हा मुस्लिम कायद्यात दोन मोठे बदल घडत होते.

पहिला बदल शरियत कायद्याचा, १९३७ चा. वारसा, विवाह, तलाक अशा बाबतींत मुस्लिमांना रूढी लागू न होता शरियत लागू होईल, असे त्याने ठरवले. शेतजमीन त्यातून वगळली होती. म्हणजे खोजा मुलींना १८४७ मध्ये नाकारला गेलेला हिस्सा नव्वद वर्षांनी कायद्याने मान्य झाला.

दुसरा बदल १९३९ चा, मुस्लिम स्त्रीला विवाहविच्छेद मागण्याचा हक्क देणारा. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, त्याला सात वर्षांची किंवा त्याहून मोठी शिक्षा झाली असेल, तीन वर्षे विवाहाची कर्तव्ये पार पाडत नसेल, अशा कारणांसाठी आता बायकोला कोर्टात जाता येऊ लागले. हनफी परंपरेत ही वाट फार अरुंद होती, म्हणून मालिकी परंपरेतल्या तरतुदींचा आधार घेतला गेला. फैजींनी मुस्लिम पत्नीच्या विवाहविच्छेदाच्या हक्कावर १९३६ मध्येच 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'मध्ये लेख लिहिला होता. कायदा होण्याच्या तीन वर्षे आधी हा विषय ज्याने मांडला, तोच माणूस कायदा झाल्यावर तो वर्गात शिकवत होता. त्या वेळच्या विद्यार्थ्यांना हे भाग्य लाभले.

प्राचार्य असतानाही त्यांचे ग्रंथलेखन थांबले नाही. इब्न बाबवैह या दहाव्या शतकातल्या शिया पंडिताच्या श्रद्धासूत्रांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. महायुद्ध चालू होते, गवालिया टँकवर 'छोडो भारत'ची हाक दिली गेली होती, शहर अस्वस्थ होते, आणि महाविद्यालयाचा प्राचार्य हजार वर्षांपूर्वीच्या अरबी वाक्यांना इंग्रजी रूप देत होता. मला यात पलायन दिसत नाही. ज्या देशात धर्मावरून माणसे एकमेकांपासून दूर चालली होती, तिथे एका पंथाला नेमके काय वाटते हे अचूक सांगणे हीसुद्धा देशसेवाच होती.

फैजींच्या कारकिर्दीच्या अखेरीस नानी पालखीवाला इथे विद्यार्थी होते. १९४६ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली आणि पुढे काही काळ याच महाविद्यालयात शिकवलेही. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे त्यांनी राज्यघटनेची बाजू मांडली, ते याच वर्गांतून गेलेले होते.

१९४७ मध्ये फैजींनी प्राचार्यपद सोडले आणि ते मुंबई लोकसेवा आयोगाचे सदस्य झाले. पुढे इजिप्तमधील राजदूत, केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य आणि जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू ही पदे त्यांनी भूषवली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८१ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. आपल्याजवळची इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली होती. त्यांची वर्णनात्मक सूची विद्यापीठाने १९६५ मध्ये छापली. आपल्या महाविद्यालयापासून राजाबाई टॉवर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्राचार्य फैजींचा हा ठेवा आहे.

वर्गातून ग्रंथ

फैजींचे सर्वांत परिचित पुस्तक म्हणजे मुसलमानी कायद्याची रूपरेषा सांगणारे 'आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ'. १९४९ मध्ये ते निघाले, म्हणजे प्राचार्यपद सोडल्यानंतर दोनच वर्षांनी. नऊ वर्षांच्या तासांचा सुगंध त्या पानांना आहे. शरियत म्हणजे काय आणि फिकह म्हणजे काय, त्यांत फरक का, आणि भारतातल्या कोर्टांत 'मुहम्मडन लॉ' या नावाने जे चालते त्यात इंग्रजी न्यायतत्त्वांची किती भर पडली आहे, हे त्यात इतके स्वच्छ सांगितले आहे की नवख्या वाचकालाही वाट सापडते. विवाहाचा विचार करताना ते त्याची कायदेशीर, सामाजिक आणि धार्मिक अंगे वेगळी काढून दाखवतात. एकाच कृतीला तीन दिशांनी पाहायची ही सवय चांगल्या शिक्षकाची.

पुस्तकाची चौथी आवृत्ती १९७४ मध्ये निघाली, आणि पाचवी, ताहिर महमूद यांनी सुधारून वाढवलेली, २००८ मध्ये. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला. त्या निकालात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी, मुस्लिम विधिशास्त्रात मानवी कृतींची अनिवार्य, इष्ट, अनुज्ञेय, अप्रिय आणि निषिद्ध अशी जी पाच प्रतींत विभागणी केली जाते, ती समजावताना फैजींच्या याच ग्रंथाचा आधार घेतला. पतीच्या ज्या कृतीला परंपराच अप्रिय म्हणते तिला धर्माचा अनिवार्य भाग कसे म्हणता येईल, असा तो विचार. मुंबईतल्या एका प्राचार्याने लिहिलेली पाने अडुसष्ट वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे उपयोगी पडली.

फैजींच्या विचाराचा शेवटचा टप्पा १९६३ च्या 'अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम' या पुस्तकात आहे. धर्म आणि कायदा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. श्रद्धेचा संदेश कायम टिकणारा, पण कायद्याचे नियम ज्या काळात, ज्या समाजात घडले त्या काळाचे. काळ बदलला की त्यांचा नव्याने विचार व्हायला हवा. हे विचार अनेकांना पटले नाहीत. फैजी मात्र शेवटपर्यंत श्रद्धावान मुस्लिम म्हणूनच लिहीत राहिले.

आता दोन्ही प्राचार्य एकत्र पाहा. एकाने हिंदू समाजाची परीक्षा केली, दुसऱ्याने मुस्लिम. एकाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला, दुसरा आपल्या धर्मातच राहून त्याचा अर्थ नव्याने लावत गेला. त्यांचे मार्ग वेगळे, पण मूळ निष्कर्ष एकच होता. धर्माच्या नावाने चालणारा नियम हा कायदा आहे, आणि कायद्याला कारण विचारता आले पाहिजे. पाठोपाठच्या दोन प्राचार्यांनी, एकाच अध्यासनावर बसून, दोन वेगळ्या परंपरांतून हाच निष्कर्ष काढावा, ही आपल्या महाविद्यालयाची सर्वांत मोठी बौद्धिक कमाई आहे.

पुढचे पाऊल

हा धागा पुढेही तुटला नाही. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते अडवले गेल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्या वादळाच्या काळात, १९५० मध्ये, टी. के. टोपे यांनी ह. श्री. उर्सेकर यांच्याबरोबर हिंदू कोडाची ऐतिहासिक, विधिशास्त्रीय आणि समाजशास्त्रीय मीमांसा करणारे पुस्तक लिहिले. ते लोणावळ्याच्या धर्मनिर्णय मंडळाने प्रसिद्ध केले. हेच टोपे पुढे आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. भारताच्या घटनात्मक कायद्यावरचे त्यांचे पुस्तक वकिलांच्या कपाटात आजही दिसते. डॉ. आंबेडकरांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. आपल्या आधीच्या प्राचार्याचे ऋण एका नंतरच्या प्राचार्याने असे लेखणीने मान्य केले.

आज चर्चगेटच्या ए रोडवरची इमारत सकाळी लवकर गजबजते. तास संपवून मुले कोर्टाकडे किंवा एखाद्या वकिलाच्या चेंबरकडे पळतात. हे चांगलेच आहे. कायदा माणसांच्या भांडणातून शिकावा लागतो. पण त्या धावपळीत बाबासाहेबांची टिपणे आणि फैजींची रूपरेषा वाचायला सवड काढायला हवी, कारण कोर्टात उद्या जो प्रश्न येईल त्याचे मूळ बहुधा त्या पानांत आहे.

बाबासाहेबांनी वर्गासाठी केलेली टिपणे जपली गेली म्हणून आज आपल्याला त्यांचा तास कसा असेल याची कल्पना करता येते. कागद जपले की शिक्षक जपला जातो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या कपाटात या महाविद्यालयातल्या तासांच्या जुन्या वह्या, प्राध्यापकांच्या टिपणांच्या प्रती, महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे जुने अंक असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या.